चांदीपुरा: डबकी उपसून वाळूमाशी मरत नाही

पावसाळा लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतो. मजकूर थोडक्यात असा: चांदीपुरा हा गुजरातेतून आलेला नवा विषाणू आहे, तो डासांनी पसरतो, म्हणून साचलेलं पाणी ओता, धूरफवारणी करून घ्या, आणि हा ‘वाळूमाशीचा ताप’ तीन दिवसांत आपोआप उतरतो. शेवटचं वाक्य जीवघेणं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

चांदीपुरा पसरवणारी मानली जाणारी वाळूमाशी, म्हणजे चावणारी एक बारीक माशी, एकच विषाणू वाहत नाही. भूमध्य समुद्राभोवतालच्या देशांत ती सिसिलियन, नेपल्स, टोस्काना हे फ्लेबोव्हायरस नावाच्या गटातले विषाणू पसरवते. त्यांचा आरएनए, म्हणजे जनुकं वाहणारा रेणू, तीन तुकड्यांत असतो. तीन दिवसांचा ताप हा यांतल्या पहिल्या दोघांचा. टोस्काना तर मेंदूच्या आवरणापर्यंतही जातो. चांदीपुरा या गटातला नाहीच. तो रेबीजच्या कुळातला, ऱ्हॅब्डोव्हिरिडीतला: बंदुकीच्या गोळीसारखा आकार, आरएनएचा एकच सलग धागा, त्यावर पाच जनुकं. माशीवरून रोगाचं नाव ठेवलं की असा घोळ होतो.

चांदीपुऱ्यात १५ वर्षांखालच्या मुलाला एकाएकी जोराचा ताप, उलट्या, झटके, मग गुंगी. मृत्यू अनेकदा ४८ तासांच्या आत. २००३ मध्ये आंध्र प्रदेशातल्या साथीत ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली. लस नाही, विषाणूवरचं औषध नाही. पण झटके आवरणं, मेंदूवरचा दाब उतरवणं, श्वास सांभाळणं हे वेळेत झालं तर मूल वाचू शकतं. तापात झटका आला किंवा मूल नीट ओळखेनासं झालं, तर त्याच तासाला अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठा. नमुना आरटी-पीसीआरसाठी, म्हणजे थेट विषाणूचा आरएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी, लगेच घ्यावा लागतो. अँटीबॉडी (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) तपासायच्या तर त्या तयार व्हायला काही दिवस लागतात, तेवढा वेळ हा आजार देत नाही.

‘नवा’ म्हणाल तर नाव आपल्या नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं. १९६५ मध्ये तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात तो वेगळा केला गेला. २००७ मध्ये नागपूर विभागातही त्याची साथ आली होती.

आता डास. प्रयोगशाळेत डेंग्यू पसरवणारा एडिस डासही हा विषाणू पसरवू शकतो, हे खरं. साथीच्या गावांत मात्र मुख्य वाहक वाळूमाशीच मानली जाते, आणि ती पाण्यात अंडी घालत नाही. भिंतीच्या भेगा, गोठ्यातली ओलसर माती, शेणकचरा ही तिची जागा. अंगाने दोन-तीन मिलिमीटर, भुरकट, केसाळ. बसली की पंख उभे धरते, उडते कमी आणि टुणटुण उड्याच जास्त मारते. गुणगुणत नाही, त्यामुळे चावेपर्यंत कळत नाही. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ती आत शिरते. कीटकनाशक लावलेली, बारीक जाळीची हवी. धुराने त्या क्षणी हवेत असलेले कीटक मरतात, दिवसा भेगेत बसलेली माशी तशीच राहते. म्हणून औषध घराच्या आतल्या भिंतींवर आणि गोठ्यात फवारायचं, जेणेकरून त्याचा थर टिकेल. बऱ्याच घरांत फवारणीनंतर भिंती सारवतात आणि तो थरच झाकला जातो. आधी भेगा बुजवा, सारवून घ्या, भिंत वाळू द्या, फवारणी त्यानंतर.