'उप' लागला की हलकं वाटतं

उपनेता, उपशाखा, उपकथानक. मराठीत 'उप' लागला की आपण ती गोष्ट एक पायरी खाली धरतो. 'उपोष्णकटिबंधीय वादळ' अशी बातमी आली की नेमकं हेच होतं. चक्रीवादळ नाही ना, मग काय एवढं! मी कित्येक वर्षं वादळांची उपग्रहचित्रं नेमाने बघतो आणि हा समज मला फार खटकतो. 'उप'वरून वादळाची जातकुळी कळते, ताकद नाही.

चक्रीवादळ समुद्राच्या उबेवर पोसतं, त्याला साधारण २६.५ अंशांचं पाणी लागतं. उपोष्णकटिबंधीय वादळ ती ऊब घेतंच, शिवाय थंड आणि उष्ण हवेच्या टकरीतूनही जोर मिळवतं. म्हणून त्याहून गार पाण्यावरही ते तयार होऊ शकतं. चित्रात दाट ढगांच्या कड्याने वेढलेला डोळा शोधाल तर सहसा सापडत नाही. मधला भाग जवळजवळ मोकळा, आणि ढगांचा दाट पट्टा भलतीकडेच, एका अंगाला. सर्वांत जोरदार वारेही बरेचदा केंद्रापासून शंभर-दीडशे किलोमीटर लांब असतात. नकाशावरचा केंद्राचा ठिपका आपल्यापासून दूर दिसला म्हणून निर्धास्त होणं यात फार धोक्याचं आहे.

मे २०१८ मधलं 'अल्बर्टो' हे असंच वादळ माझ्या डोक्यातून जात नाही. २८ मे रोजी ते फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागलं. त्याच दिवशी तिथून शेकडो किलोमीटर दूर, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात, पावसाची बातमी करायला गेलेल्या दोन टीव्ही पत्रकारांच्या गाडीवर झाड कोसळलं. दोघंही गेले. पावसाने माती इतकी भिजली होती की मुळांना धरच उरला नव्हता. भिजलेल्या जमिनीतलं झाड पडायला सोसाट्याचा वारा लागत नाही.

आणि हे फक्त अमेरिकेपुरतं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये 'अल्फा' पोर्तुगालला धडकलं, मे २०२२ मध्ये 'याकेकान'ने दक्षिण ब्राझील आणि उरुग्वेला झोडपलं.

माझं म्हणणं एवढंच, की बातमीची पहिली ओळ पावसाची हवी. आज ती वाऱ्याची असते: ताशी इतके किलोमीटर, इतक्या श्रेणीचं. पाऊस किती पडणार हे त्या आकड्यावरून कळत नाही. वादळ किती सावकाश सरकतंय यावर ते बरंचसं ठरतं. कमी वाऱ्याचं पण एकाच जागी रेंगाळणारं वादळ गावंच्या गावं बुडवतं. अमेरिकेत १९६३ ते २०१२ या काळात अटलांटिकच्या चक्रीवादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी सुमारे ९० टक्के पाण्याने गेले, म्हणजे उधाणाने, पुराने, लाटांनी.

किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो, इशारा आला की नाव आणि श्रेणी नंतर बघा. आधी पाऊस किती आणि किती तास, ते वाचा. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. वेगाने वाहणारं १५ सेंटिमीटर पाणी धडधाकट माणसाला पाडतं, ६० सेंटिमीटर पाण्यात बहुतेक गाड्या वाहून जातात.