वागो अधिक की कांगो? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. जपानी शब्दसंग्रहावरील माझ्या लेखाबाबत आपण दोन आक्षेप घेतले आहेत. जपानी शब्दकोशात चिनी मुळाचे शब्द सर्वाधिक असताना ‘बोलण्यात देशी शब्दच अधिक’ हे विधान मी कशाच्या आधारे केले, हा पहिला. आणि अर्थाच्या छटा निसटत असताना शब्द मोजत बसणे याला अभ्यास कसे म्हणावे, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर मोजणीच्या रीतीत आहे. जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेने १९५६ सालच्या नव्वद नियतकालिकांची पाहणी केली होती. तीत प्रत्येक शब्द एकदाच धरला तेव्हा कांगो, म्हणजे चिनी मुळाचे शब्द, ४७.५ टक्के आणि वागो, म्हणजे देशी शब्द, ३६.७ टक्के भरले; परंतु शब्द जितक्या वेळा आला तितक्या वेळा मोजला, तेव्हा वागो ५३.९ टक्क्यांवर चढले आणि कांगो ४१.३ टक्क्यांवर उतरले. ‘सुरु’ (करणे), ‘इकु’ (जाणे) अशी पावलोपावली लागणारी क्रियापदे वागो आहेत, त्यामुळे हे घडणारच. आपण कोश उघडलात, मी मासिक उघडले. मात्र मासिक म्हणजे बोलणे नव्हे, आणि ही चूक सर्वस्वी माझी. रोजच्या संभाषणाचा दोनशे तासांचा संग्रह त्या संस्थेने २०२२ मध्ये खुला केला; बोलण्याविषयी काही म्हणायचे तर तिकडेच जायला हवे होते.

दुसरा आक्षेप मला निम्माच मान्य आहे. जपानी लेखनात शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे मोजण्याआधी शब्द कोठे संपतो हे ठरवावे लागते. संस्थेचेच नाव घ्या: ‘कोकुरित्सु कोकुगो केन्क्यूजो’. २०११ मध्ये पूर्ण झालेल्या सुमारे दहा कोटी शब्दांच्या लिखित संग्रहात लघु आणि दीर्घ अशी दोन एकके ठेवली आहेत. पहिल्याने या नावाचे चार शब्द होतात (कोकुरित्सु, कोकुगो, केन्क्यू, जो), दुसऱ्याने एकच. हा निर्णय व्याकरणाचा आहे, आणि तो बदलला की टक्केवारीही हलते. गेल्या काही दशकांत अभ्यासकांचे बरेच श्रम या सीमारेषांवर खर्ची पडले आहेत, आणि ते वाया गेले असे मला वाटत नाही.

अर्थाच्या छटा मात्र मोजणीत निसटतात, हे आपले म्हणणे खरे. ‘यादोया’ वागो, ‘र्‍योकान’ कांगो, ‘होतेरु’ इंग्रजीतून आलेला. तिन्हींचा अर्थ उतरण्याची जागा. पण यादोया म्हटले की साधी जुन्या धर्तीची खाणावळवजा सराई, र्‍योकान म्हटले की ततामी चटयांच्या खोल्या आणि होतेरु म्हटले की पाश्चात्त्य पद्धतीची इमारत डोळ्यांसमोर येते. उलट ‘पान’ (पाव) हा पोर्तुगीज शब्द, जो आपल्या ‘पाव’चा सख्खा भाऊ आहे, तेथे इतका मुरला आहे की त्याला परका म्हणणे केवळ वर्गीकरणापुरते उरते.

मूळ लेखातील ‘बोलण्यात’ हा शब्द काढून तेथे ‘नियतकालिकांत’ असा बदल मी आजच केला आहे.