‘लोकांना टाळा, रानात जा’ सांगणाऱ्या मेसेजबद्दल

आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. कुणाच्या घरी माती झाली की दुसऱ्या दिवशी तो येतोच. त्याचं म्हणणं असं: नकार, राग ते स्वीकार असे दुःखाचे पाच टप्पे असतात आणि ते ओळीने सरतात, भेटायला येणारे जखम उकरतात, त्यांना टाळा, एकट्याने निसर्गात जा, तो सगळं विसरायला लावतो, आणि वर्षभरात सावरला नाहीत तर तुमचं मनच कच्चं. माझ्या वडिलांना, अण्णांना, जाऊन दोन वर्षं झाली, म्हणून यावर बोलायचा थोडा हक्क घेतो.

टप्प्यांचं आधी उरकू. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी ते १९६९ साली मांडले, तेही मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले. सगळ्यांना ते याच ओळीने येतात असं नाही, हे पुढे त्यांनीच स्पष्ट केलं. अण्णा माघात गेले. मला राग आला तो थेट पोळ्याला, शिंगं रंगवायचा डबा हातात घेतल्यावर.

आता भेटायला येणारे. आमच्याकडे मातीच्या दिवशी घरची चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भाकरी येते, कडू घास म्हणून कुणीतरी हाताला धरून बसवतं. बाया गळ्यात पडून हेल काढून रडतात, रडता रडता गेलेल्या माणसाचं सगळं सांगतात. शहरातल्या माझ्या मित्रांना तो तमाशा वाटला. पण बहात्तरच्या दुष्काळात अण्णा पोरवयात खडी फोडायला जायचे आणि वाट्याची सुकडी धाकट्या बहिणीसाठी बांधून आणायचे, हे मला त्याच ओसरीवर एका चुलत्याकडून कळलं. स्वतः अण्णा कधी बोलले नव्हते. लोकांना टाळलं असतं तर तेवढे अण्णा मला मिळाले नसते.

उकरणारेही असतात, नाही कशाला म्हणू? ‘दवाखान्याला किती लागले?’ विचारणारे, आणि कुंकू-बांगड्यांवर टपलेले. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, सरकारनेही इतर गावांना तसं आवाहन केलं. तरी आमच्या दारात आईचं कुंकू पुसायला दोघी पुढे आल्याच. त्यांना अडवलं ते आत्याने. म्हणजे तीही ‘लोकां’तलीच! आणि खरा त्रास लोक येतात याचा नसतो. तेरावं झालं, मंडप उतरला की कुणीच येत नाही, तिथे तो सुरू होतो.

वर्षाची मुदत कुणी घातली? मानसिक आजारांच्या अमेरिकन नियमावलीत २०२२ पासून लांबलेल्या शोकाचं निदान आहे. दुःख करणारा वयाने मोठा असेल तर ते वर्षभराआधी करतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत किमान सहा महिने आहेत. त्यातही रोजचं जगणंच ठप्प झालेलं असावं लागतं. सणाला डोळे भरून येणं आजारात बसत नाही. मात्र कुणी ‘आता जगून काय करू’ म्हणायला लागलं तर महिने मोजायचे नाहीत. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

राहिला निसर्ग. लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर थंड हवेचं ठिकाण असावं. आमचं रान म्हणजे पोट. ज्या बाईच्या नवऱ्याने कर्जापायी शेतातच जीव दिला, जिची सरकारी मदतीची फाईल पात्र की अपात्र म्हणून तालुक्याला पडून आहे, तिला ‘एकटी रानात जा, विसरशील’ कोण सांगणार? तिला ते शेत रोज दिसतं. अशा बायांना मी तिथे सावरताना पाहिलंय, पण खुरपायला चौघींसोबत पात धरल्यावर. हात तणात, नजर खाली. तोंडाकडे कुणी बघत नाही, म्हणून बोलता येतं. मधेच गप्प बसलं तरी चालतं.

आम्ही अण्णांची राख गोदावरीत सोडली नाही, बांधावर खड्डा करून केशर आंब्याच्या रोपाला घातली. तिथे बसलं की काही विसरायला होत नाही, उलट जास्तच आठवतं. गेल्या चैत्रात बोअर आटला आणि मी पुण्यात अडकलो होतो. तेव्हा रोज संध्याकाळी घागर नेऊन ते रोप जगवलं ते शेजारच्या काकांनी. ग्रुपवर तो मेसेज टाकतात ते हेच काका.