वहीतली ती एक ओळ : एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, पाळणाघरात मुलाचा मास्क मी कसा बंद केला याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोन दिवस मनात घोळते आहे. "ज्या घरातला कर्ता माणूस कोविडने गेला, त्या घरच्या सुनेने तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडावरचा मास्क काढायचा आणि वर ते जगाला सांगायचं, हे बरं नाही. जपानात राहता, तिथली शिस्त तरी शिका," असं तुम्ही लिहिलंत. शेवटी विचारलंत, हे सासूबाईंना वाचून दाखवलंत का?

तुमचं जे बरोबर आहे ते आधी सांगते. मास्क काढला यापेक्षा मी तो ज्या रीतीने काढला, ते चुकलं. इथल्या पाळणाघरातून घरी रोज एक वही जाते-येते, तिला रेनराकुचो म्हणतात. मूल किती वाजता झोपलं, सकाळी काय खाल्लं, अंग गरम आहे का, हे आईबाप लिहितात, दिवसभराचं तिथल्या बाई लिहितात. मे २०२२ मध्ये एका सकाळी मी त्या वहीत लिहिलं, "आजपासून मास्क नको." नवऱ्याला विचारलं नाही. संध्याकाळी मुलाला आणायला तो गेला आणि बाईंचं उत्तर वाचून त्याला कळलं. तो ओरडला नाही. वही ओट्यावर उघडी ठेवून खाली फिरायला निघून गेला. त्या रात्री आम्ही जेवलो नाही.

त्याचे बाबा, म्हणजे माझे सासरे, एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात गेले. बेड मिळायलाच दीड दिवस गेला होता. आम्ही टोकियोत निशी-कासाईच्या दोन खोल्यांत बसून सगळं फोनवर ऐकत होतो. तो निघाला असता तर परत कधी येता येईल याचा भरवसा नव्हता, आणि १४ मेपासून तर भारतातून येणाऱ्या परदेशी नागरिकांना, इथे राहण्याचा परवाना असला तरी, जपानने प्रवेश बंद केला. शेवटचं पाणीसुद्धा मुलाच्या हातून मिळालं नाही. त्यानंतर व्हिडिओ कॉलवर नातू बागेत उघड्या तोंडाने दिसला की आईंचा आवाज बदलायचा. हे सगळं माहीत असून मी ती ओळ लिहिली. त्याबद्दल दोघांचीही माफी मागितली आहे.

शिस्तीबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. आमचं घर तीन देशांत विभागलेलं, आणि लहान मुलांसाठी प्रत्येक देशाचं सांगणं वेगळं. नणंद न्यू जर्सीला. तिची मुलगी डेकेअरला मास्क लावून जायची, कारण अमेरिकेत दोन वर्षांपासून पुढे मास्क सांगितला होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ऑगस्ट २०२० पासून म्हणत होत्या की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवर सक्ती नको. भारत सरकारच्या आरोग्य खात्यानेही जून २०२१ मध्ये तेच वय धरलं. म्हणजे आईंच्या देशाचं सांगणं माझ्या बाजूचं होतं, आणि आमच्यापैकी कुणीही ते वाचलेलं नव्हतं! पुण्यात मास्क नसला की पावती फाडायचे, आईंना नियम माहीत होता तो तेवढाच.

जपानात मास्क लावला नाही म्हणून कधीच दंड नव्हता. इथे मास्क कोविडच्या कितीतरी आधीपासून आहे. फेब्रुवारीत 'सुगी' म्हणजे जपानी सीडरच्या झाडांचे परागकण उडायला लागले की निम्मी गाडी मास्कमध्ये दिसते, आणि शाळेत जेवण वाढायची पाळी असलेली मुलं पांढरा एप्रन, टोपी आणि मास्क घालतात. पण लहान बाळांच्या बाबतीत इथलेच बालरोगतज्ज्ञ २०२० च्या मे महिन्यात सावध करत होते : दोन वर्षांखाली मास्क नको, श्वासनलिका अरुंद असते, उष्माघाताची भीती असते, ओठांचा रंग बदलला तरी दिसत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन पसरल्यावर पाळणाघरांतल्या ज्या मुलांना जमेल त्यांना तात्पुरता मास्क लावा, असं आरोग्य मंत्रालयाने सुचवलं. २० मे रोजी त्याच मंत्रालयाने शाळेआधीच्या वयाच्या मुलांना सरसकट मास्क नको असं सांगितलं. माझी ओळ त्यानंतरची आहे, ताई. शिस्त मोडून मी काही केलं नाही.

आणि मूल समोर होतं. तीन वर्षं उलटली तरी त्याचं वाक्य दोन शब्दांपुढे जात नव्हतं. घरी मराठी, बाहेर जपानी, बाईंचे ओठ कायम झाकलेले. मास्कमुळेच बोलणं लांबलं असं मी म्हणणार नाही, तसं मला सिद्ध करता येणार नाही. पण तो मास्क चघळायचा, लाळेने तो तासाभरात चिंब व्हायचा, आणि ओला मास्क तोंडाला चिकटलेला असताना तो काही सांगू पाहायचा तेव्हा मला पाहवत नसे. तोंडावर ओलं फडकं घेऊन कुणाचं रक्षण होत होतं?

पुढे आम्ही तिघांनी बसून ठरवलं, आई फोनवर होत्या. पाळणाघरात आणि बागेत मास्क नाही. दवाखान्यात आणि गर्दीच्या गाडीत आम्ही दोघांनी लावायचा, त्याने लावला तर लावू द्यायचा. आई लगेच हो म्हणाल्या नाहीत. आठ-दहा दिवसांनी त्यांनीच विचारलं, "आज काय काय बोलला?"

लिहिलं कशासाठी, तर परदेशात एकटीने असे निर्णय घेणाऱ्या आणि मग रात्री घरच्यांसमोर उत्तरं देणाऱ्या कितीतरी जणी मला माहीत आहेत.

आणि हो, आईंना वाचून दाखवलं होतं, प्रकाशित करण्याआधी, पूर्ण. काही वगळ म्हणाल्या नाहीत. मी "सत्तरीचे सासरे" असं लिहिलं होतं, तिथे त्यांनी थांबवलं. "सत्तर कुठे गं, अडुसष्टच होते." तेवढं बदललं आहे.