पाणी ओसरल्यावरची बातमी

५ सप्टेंबर २०२५, रात्रीचे पावणेबारा वाजलेत, आत्ताच मेडिकलचं शटर ओढून घरी आलोय. उद्या अनंत चतुर्दशी, गल्लीत पोरांची ट्रॅक्टर सजवायची गडबड चाललीय, आणि मला काही झोप येईना म्हणून लिहायला बसलोय. मोठं होणार आहे, जमलं तर शेवटपर्यंत वाचा.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी होतं म्हणून मोबाईलवर जगभरच्या बातम्या वाचत होतो. अफगाणिस्तानात कुनार भागात रविवारी रात्री भूकंप झाला, मेलेल्यांचा आकडा २,२०० च्या वर गेला. त्याच रविवारी तिकडं सुदानमध्ये पावसानं डोंगर खाली आला आणि तरासीन नावाचं अख्खं गाव त्याखाली गेलं. गाझात उपासमारीचा दुष्काळ पडल्याचं जाहीर होऊन दोन आठवडे झाले. आपल्या पंजाबचे सगळेच्या सगळे २३ जिल्हे पूरग्रस्त. आणि काल काँगोमध्ये परत इबोला निघाला. प्रत्येक बातमी वेगळ्या जागी, युद्धाची एकीकडं, भूकंपाची दुसरीकडं, रोगाची अजून खाली कुठंतरी कोपऱ्यात. पण वाचता वाचता मला वाटायला लागलं की ह्या चार-पाच बातम्या नाहीतच, ही एकच बातमी आहे, फक्त कापून कापून वेगळी लावलीय.

असं का वाटलं ते सांगायचं तर २०१९ च्या आमच्या कोल्हापूरच्या महापुराचं सांगायला लागेल.

माझं मेडिकल शाहूपुरीत, कुंभार गल्लीपासून लांब नाही, म्हणजे जयंती नाल्याचं पाणी फुगलं की पहिला नंबर आमच्याच भागाचा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोका पातळी, त्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दुकानाचे खालचे तीन कप्पे गेले ते गेलेच, पण मला टेन्शन होतं इन्सुलिनचं. लाईट नाही, फ्रीज बंद. शेवटी थर्माकोलच्या खोक्यात सगळी इन्सुलिन भरली आणि वरच्या बाजूला एका आईस्क्रीमवाल्याकडं जनरेटर होता त्याच्या फ्रीजरजवळ नेऊन ठेवली, आत नाही, जवळ, कारण गोठली तरी ती वाया जाते. शिरोलीपाशी हायवे बंद, पुण्याकडनं औषधाची गाडी येईना. आठवडाभर हेच.

त्या आठवड्यात टीव्हीवाले होते, होड्या होत्या, मदतीचे टेम्पो होते. लोकांनी भरभरून केलं, कोल्हापूरकर म्हणून मला त्याचा अभिमान आहे आणि राहील. पण खरं सांगतो, माझ्या काउंटरवरचा पूर पाणी उतरल्यावर सुरू झाला. जुलाब, उलट्या, ताप, पायाला चिखल्या. लेप्टोच्या (पुराच्या घाण पाण्यातनं होणारा ताप) भीतीनं डॉक्सीसायक्लिन ह्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या. ओआरएसची जेवढी पाकिटं यायची तेवढी संध्याकाळपर्यंत संपायची. आणि तोपर्यंत कॅमेरे निघून गेलेले.

एक आज्जी आल्या होत्या. काउंटरच्या काचेवर हात टेकून उभ्या राहिल्या तर तो हात असा सुरकुतलेला, धुणं धुऊन आल्यासारखा, आणि कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. दोन दिवस जुलाब. मी विचारलं, आज्जी पाणी कुठलं पिताय, तर म्हणाल्या, टँकरचं. उकळून पिताय का म्हटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "गॅसची टाकी व्हावून गेली रं लेकरा, चूल भिजल्या, उकळू कशावर?"

दुकानाच्या दारावर 'पाणी उकळून प्या' असा बोर्ड मीच लावला होता, मार्करनं, मोठ्या अक्षरात. तो त्याच दिवशी काढला आणि बाहेर टेबलावर क्लोरीनच्या बाटल्या ठेवल्या, सोबत किती थेंब टाकायचे ते लिहून. आज्जींना तिथंच बसवून ओआरएस पाजलं, रिक्षानं सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यात पाठवलं, चार दिवसांनी त्या चालत घरी आल्या.

आता सुदानचं बघा. तिथं २०२३ च्या एप्रिलपासून लष्कर आणि आरएसएफ नावाची निमलष्करी फौज एकमेकांवर तुटून पडलेत. ह्या मे महिन्यात खार्तूमच्या वीजकेंद्रांवर ड्रोन पडले. वीज गेली तर पाणी शुद्ध करायची केंद्रं बंद पडली, लोक थेट नाईलचं पाणी प्यायला लागले आणि काही दिवसांत कॉलराचे पेशंट हजारांनी वाढले. गेल्या वर्षीच्या जुलैपासून आत्तापर्यंत एक लाखाच्या आसपास लोकांना कॉलरा झालाय, २,४०० च्या वर माणसं गेलीत. आता मला सांगा, ही माणसं ड्रोननं मेली का कॉलरानं? बातमीत ती 'आरोग्य'खाली येतात. मारणाऱ्याच्या हिशोबात ती कुठंच येत नाहीत.

तरासीनचंही तसंच. ते नुसतं डोंगराखाली गेलेलं गाव नाही. मार्रा डोंगराचा तो भाग त्यातल्या त्यात शांत म्हणून सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफूरमधल्या लढाईतून पळालेली माणसं तिथं वस्तीला आली होती. गोळीपासून वाचली आणि चिखलाखाली गेली. हजार माणसं गेली असं तिथल्या बंडखोर गटानं सांगितलं, पण खात्री करायला पोचणार कोण, रस्ता नाही, मोबाईलला रेंज नाही, आणि मध्ये युद्ध. आणि दारफूरमधल्याच एल फाशेर शहराला सव्वा वर्षापेक्षा जास्त वेढा पडलाय, तिथं लोक 'अंबाझ' खाऊन दिवस काढतायत. अंबाझ म्हणजे काय म्हणून मी शोधलं. शेंगदाण्याचं तेल काढून उरलेली पेंड. आमच्या मामाच्या गोठ्यात म्हशीला भिजवून घालतात ती. ते वाचल्यावर मी मोबाईल खाली ठेवला आणि जरा वेळ नुसताच बसलो.

अफगाणिस्तानात ६ रिश्टरचा भूकंप. जपानमध्ये एवढ्या भूकंपानं गावंच्या गावं झोपत नाहीत. इथं दगडमातीची घरं, डोंगर उतारावर, रात्री पावणेबारा वाजता, सगळे झोपलेले (आत्ता माझ्या घड्याळात वाजलेत तेवढेच). आणि ढिगाऱ्यातनं निघालेल्या बायकांना तपासायला बायका डॉक्टर, नर्स पुरेशा नाहीत, कारण तिथल्या सरकारनं बायकांचं शिक्षण बंद केलंय, गेल्या डिसेंबरात तर नर्सिंग आणि सुईणीचं शिक्षणसुद्धा बंद केलं. त्यात यंदा परदेशी मदत आटली म्हणून शेकडो दवाखान्यांना कुलपं. भूकंप जमिनीतून आला हे खरं, पण हे बाकीचं सगळं माणसानं केलंय.

मला ह्या सगळ्यात एक गोष्ट धरून ठेवावीशी वाटते, ती म्हणजे माझ्या काउंटरवरचं ओआरएसचं पाकीट. टेट्रापॅकमधलं गोड पाणी नव्हे, ते साधं, एक लिटर पाण्यात टाकायचं, स्वस्तातलं. त्याची कहाणी किती जणांना माहितीय? १९७० च्या नोव्हेंबरात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात भोला चक्रीवादळ आलं, तीन लाखांच्या वर माणसं गेली. सरकारनं मदतीत हयगय केली, लोक भडकले, पुढं निवडणूक, दडपशाही आणि १९७१ चं युद्ध. एक कोटीच्या आसपास निर्वासित भारतात आले. बंगालमध्ये सीमेजवळ बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, पेशंट जमिनीवर पडलेले. तिथं डॉ. दिलीप महालनबीस होते. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ड्रममध्ये भरलं आणि नातेवाइकांच्या हातात पेला दिला, पाजत राहा म्हणाले. शास्त्र एवढंच की ग्लुकोज सोबत असला की आतडं मीठ आणि पाणी आत ओढून घेतं, जुलाब चालू असले तरी. छावणीत आधी शंभरातले तीसेक दगावत होते, ते प्रमाण चारच्या आत आलं. २०२२ साली ते गेले, त्यानंतर २०२३ ला पद्मविभूषण मिळालं. एवढा मोठा माणूस आणि आमच्या धंद्यातल्या कितीतरी पोरांनी त्यांचं नावही ऐकलेलं नसतं, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वादळ, युद्ध, कॉलरा. तिन्ही एकाच साखळीत, आणि ती साखळी जिथं तुटली तिथं डॉक्टरसोबत एक पेला घेऊन बसलेली आई होती.

आता जरा कडू बोलतो. आपल्याच एका ग्रुपवर परवा पाकिस्तानातल्या पुराचा व्हिडिओ आला आणि खाली 'बरं झालं', 'अजून येऊ दे'. लिहिणारे सगळे ओळखीचे, चांगल्या घरातले. भावांनो, ती रावी आणि सतलज आधी आपल्या गुरदासपूर, फाजिल्कामधनं वाहते. तेच पाणी आपल्या पंजाब्याच्या भातात शिरलं आणि तेच पुढं त्यांच्या. २०१९ ला आपण पत्र्यावर बसून हेलिकॉप्टरची वाट बघत होतो तेव्हा कुणी आपल्याबद्दल असं लिहिलं असतं तर? सरकारांचं भांडण सरकारांपाशी, माझं त्याच्याबद्दलही मत आहे, पण पाण्यात उभ्या असलेल्या बाईला बघून बरं झालं म्हणणं हे मला सहन होत नाही आणि मी तसं त्या ग्रुपवर लिहिलंसुद्धा.

आणि 'तिकडचं आपल्याला काय' म्हणणाऱ्यांना, रविवारी आपल्या कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला कपडे घ्यायला जाता ना? ते गांधीनगर वसलं कसं ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले पाचेक हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि पोरं, १९४३ पासून १९४८ पर्यंत वळिवड्याच्या छावणीत राहिले. ते गेले आणि फाळणीतनं आलेले सिंधी त्याच जागेत राहायला आले. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, आज कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. कोल्हापूर कुठं आहे हे ज्यांच्या बापजाद्यांना माहीत नव्हतं त्यांनी ते उभारलंय. तेव्हाच्या कोल्हापुरानं तिकडचं आपल्याला काय म्हटलं नाही.

इबोलाचं शेवटी राहिलं. काँगोच्या कसाई प्रांतात बुलापे म्हणून भाग आहे, तिथं २८ संशयित आणि १५ मृत्यू, त्या पंधरात चार जण दवाखान्यातलेच कर्मचारी. पहिली पेशंट एक गरोदर बाई. ज्यांनी तिच्यासारख्यांची उस्तवार केली तेच गेले, हे वाचून मला कोविडमधले आमच्या भागातले दिवस आठवले. चांगली गोष्ट ही की ह्या जातीच्या इबोलावर लस आहे आणि राजधानी किन्शासात २,००० डोस ठेवलेले आहेत, पण तिथून बुलापेपर्यंत रस्ते असे की पोचायलाच दिवस लागतात आणि लस तोपर्यंत अतिथंड राहायला पाहिजे. आणि ह्याच आठवड्यात बुधवारी अमेरिकेत फ्लोरिडाच्या आरोग्यप्रमुखांनी शाळेतल्या पोरांना लस सक्तीची करणारे सगळे नियम काढून टाकणार असं जाहीर केलं. त्यांच्याकडं फ्रीज आहे, लाईट आहे, रस्ता आहे, लस आहे. मला ह्यावर धड लिहितासुद्धा येईना, राग येतो नुसता. ज्यानं थर्माकोलचं खोकं छातीशी धरून कमरेएवढ्या पाण्यातनं इन्सुलिन नेलीय त्याला विचारा थंड औषधाची किंमत.

माझं म्हणणं एवढंच आहे की पहिल्या दिवसाचा आकडा वाचून बातमी सोडू नका. दहाव्या दिवशी परत तेच नाव शोधा, कुनार शोधा, पंजाब शोधा, प्यायचं पाणी कुठलं आहे ते वाचा. पंजाबला मदत पाठवणार असाल तर कपड्यांची गाठोडी नको, क्लोरीन, ओआरएस, सॅनिटरी पॅड, जनावरांची औषधं पाठवा. २०१९ ला आपल्याकडं आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजून कुजलेले मी बघितलेत.

उद्या मिरवणूक संपेपर्यंत दुकान उघडं ठेवणार आहे. महाद्वार रोडला जाणाऱ्या पोरांनो, पाणी पीत राहा, चक्कर आली तर या, ओआरएस टेबलावर ठेवलेलं असेल, पैशाचं बघू नका. सकाळी शटर उघडलं की मी आधी बुलापेची बातमी बघणार आहे, लस निघाली का.