‘प्रोफाइलची टिक काढा’ म्हणणाऱ्यांनो, आधी नऊवारी मोजा

परवा रात्री साडेअकराला भाचीचा फोन. दादरच्या एका लग्नाचे फोटो तिने दुपारी पाठवले होते आणि नवरीच्या आईने विचारलं होतं, "अगं, चुडा असा शेवाळल्यासारखा का दिसतोय? आणि अष्टपुत्री दहा वेळा धुतल्यासारखी?" भाचीचं पालुपद एकच, "मामा, माझ्या लॅपटॉपवर बरोबर दिसतंय रे!" सेव्ह कसं केलंस, विचारलं तर तिने एक फॉरवर्ड पाठवला. हाच फॉरवर्ड महिन्याभरात माझ्याकडे चार ग्रुपांवर आला होता आणि चारही वेळा मी तो न वाचता उडवला होता. चुकलंच माझं.

त्यातला ऐवज असा (एसआरजीबी, ॲडोबी आरजीबी, प्रोफोटो ही रंग मोजायची वेगवेगळी मापं, म्हणजे कलर स्पेस): एसआरजीबी जुनाट आहे, फोटो ॲडोबी आरजीबीत किंवा त्याहून भारी प्रोफोटोत सेव्ह करा, लाल दुप्पट खुलतो. सेव्ह करताना आयसीसी प्रोफाइलची टिक काढा, फाइल हलकी होते. एडिट करताना ब्राइटनेस फुल ठेवा. ३०० डीपीआय (इंचाला किती ठिपके) करा, रंग गडद येतात. लॅबला सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या मापातली) फाइल द्या. खाली जोडलेले हात, तीनदा.

टिकेपासूनच सुरू करतो, कारण लग्नाची माती तिथे झाली.

फाइलमध्ये रंग नसतातच, आकडे असतात. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५. यातला २५५ म्हणजे नेमका कुठला लाल, ते प्रोफाइल सांगतं. समजा, कापडवाल्याकडे चिठ्ठी पाठवली आणि तिच्यावर नुसतं ‘९’ लिहिलं. वार की मीटर? नऊवारीचे नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. आकडा तोच, कापड वेगळं. रंगांचंही तसंच. एसआरजीबीतला सगळ्यात भडक लाल २५५-०-० असा लिहितात. तोच लाल, अगदी तोच, ॲडोबी आरजीबीत २१९-०-० होतो. माप मोठं म्हणून आकडा लहान. आता तुम्ही टिक काढलीत, म्हणजे चिठ्ठीवरचा ‘वार’ खोडलात. समोरच्या फोनच्या हाती नुसते २१९ आले, त्याने ते एसआरजीबीचे धरले आणि शालू मरगळला. हिरव्याचे हाल त्याहून वाईट. एसआरजीबीतला शुद्ध हिरवा, ०-२५५-०, ॲडोबी आरजीबीत १४४-२५५-६० असा लिहिला जातो. ते १४४ आणि ६० फोनने जसेच्या तसे वाचले, की हिरव्यात लाल-निळा मिसळतो. चुड्यावरचं शेवाळ ते हेच.

बरं, यात फोनचा दोष नाही. एसआरजीबी १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडली, १९९९ मध्ये ती आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानक झाली. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीच्या ‘सीएसएस कलर, लेव्हल ४’मध्ये स्पष्ट आहे: ज्या चित्राला प्रोफाइल नाही, ते एसआरजीबी समजायचं. ‘जुनाट’ म्हणून जिला हिणवताय, बेवारस फाइल अखेर तिच्याच दारात जाते.

आणि हलकी फाइल? ॲडोबी आरजीबीचं प्रोफाइल ५६० बाइटचं आहे. भाचीचा एकेक फोटो आठ-नऊ एमबीचा. म्हशीवरची माशी उडवून म्हैस हलकी झाली म्हणण्यातला प्रकार.

तिच्या लॅपटॉपवर मग ठीक का दिसत होतं? तिच्या फोटोशॉपची वर्किंग स्पेस, म्हणजे प्रोफाइल नसलेले आकडे ज्या मापाने तो वाचतो ती, ॲडोबी आरजीबी. चिठ्ठी लिहिणाराच वाचत होता, त्याला वार आहेत हे ठाऊकच होतं. तीच फाइल ब्राउझरमध्ये उघडायला लावली, तर फोनवर काही क्षण नुसती शांतता.

लाल दुप्पट खुलतो ही शुद्ध थाप. ॲडोबी आरजीबी आणि एसआरजीबी यांचा मूळ लाल एकच आहे, मूळ निळाही एकच. फरक फक्त हिरव्याच्या टोकाला. तिथे, कबूल करतो, ॲडोबी आरजीबी खरंच रुंद आहे. चांगल्या कागदावर इंकजेट प्रिंट काढणाऱ्याला तिच्यातले हिरवे आणि निळसर हिरवे उपयोगी पडतात. आयफोनही ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, एसआरजीबीपेक्षा रुंद अशा पी३ या कलर स्पेसमध्ये फोटो काढतो. तेव्हा मोठी कलर स्पेस हे थोतांड नाही. पण ती प्रोफाइलसकट द्यायची असते, आणि घेणाऱ्याला ती वाचता येते हे माहीत असताना.

प्रोफोटो तर जेपेगसाठी नकोच. तिच्या मूळ हिरव्या आणि निळ्याच्या जागा माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या रंगांच्या बाहेर आहेत. एवढा पसारा जेपेगच्या २५६ पायऱ्यांत कोंबला, की मरीन ड्राइव्हच्या संध्याकाळच्या आभाळात पट्टे पडतात. लाइटरूम हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर आतल्या आत प्रोफोटोवर आधारलेली स्पेस वापरतं ते ठीक. स्वयंपाकघरातला टोप कोणी पानात वाढत नाही.

ब्राइटनेस फुल ठेवून एडिट केलं, की प्रिंट काळपट येते, कारण स्क्रीनवर उजळ दिसतंय म्हणून तुम्ही फोटो गडद करता. डीपीआय हा प्रिंटच्या मापाशी जोडलेला आकडा, रंगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. सीएमवायके पत्रिका छापणाऱ्या ऑफसेटवाल्याला लागतं, तेही त्याने मागितलं तर. फोटो लॅबचं लेझर मशीन फोटोपेपरवर लाल, हिरवा, निळा प्रकाश टाकतं. त्याला सीएमवायके कशाला? एकदा मीही बोरा बाजारातून येताना अशीच फाइल घेऊन एका लॅबवर गेलो होतो. काउंटरवरच्या मुलाने ज्या नजरेने बघितलं, ती अजून आठवते.

आता ज्यांनी फॉरवर्ड ऐकून फाइली पाठवल्यात, त्यांच्यासाठी. फोटोशॉपमध्ये आधी ‘असाइन प्रोफाइल’मधून ॲडोबी आरजीबी द्या, म्हणजे चिठ्ठीवर खोडलेला ‘वार’ परत लिहा. आकडे बदलणार नाहीत, रंग जागेवर येतील. मग ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ने एसआरजीबी करा. आता आकडे बदलतील, रंग नाही. टिक ठेवून सेव्ह करा. थेट एसआरजीबी असाइन केलंत, तर नऊ वारांचे नऊ मीटर होतील आणि शेवाळ कायमचं चिकटेल.

सहाशेच्या वर फोटो होते. या पायऱ्यांची ॲक्शन (एकदा नोंदवून पुन्हा पुन्हा चालवता येते ती) बनवून सगळे एकदम बॅचला लावले तेव्हा रात्रीचा दीड झाला होता. सकाळी नवरीच्या आईने भाचीला मेसेज केला, त्यात हिरव्या बांगड्यांबद्दल एक शब्द नाही. काकूंचे डोळे मिटलेत, तेवढा फोटो काढून टाक, म्हणाली.