जुनाट दाहाची निगा कशी राखावी

दाह दोन प्रकारचा असतो आणि त्यातला पहिला तुमच्या काही उपयोगाचा नाही. बोटात काटा घुसला की जागा लाल होते, गरम होते, सुजते आणि ठणकते. ही चार लक्षणं सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने पहिल्या शतकात लिहून ठेवली, आणि वैद्यकाचे विद्यार्थी ती आजही पाठ करतात. या दाहाला शिस्त फार. आधी न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावत येतात, मागून मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी येतात, जंतूंचा फडशा पडतो, पडझड आवरली जाते आणि थोड्या दिवसांत सगळं शांत. हे शांत होणंही आपोआप घडत नाही. त्यासाठी शरीर ओमेगा-३ मेदाम्लांपासून रिझॉल्व्हिन नावाची रसायनं बनवतं आणि ती ‘आता पुरे’ असा हुकूम सोडतात. वेळेवर येऊन वेळेवर निघणाऱ्या अशा पाहुण्याची सरबराई ती काय करायची?

तुम्हाला जोपासायचा आहे तो जुनाट दाह. हा दुखत नाही, लाल होत नाही, ताप आणत नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत, यकृतात, पोटातल्या चरबीत तो वर्षानुवर्षं मंद चालू राहतो. जंतू कुठेच नसतात, तरी फौज मात्र हटत नाही. पुढे हृदयविकार, टाईप २ मधुमेह, फॅटी लिव्हर अशी मोठी कामं निघतात तेव्हा कुठे त्याचा पत्ता लागतो. इतक्या गुपचूप राबणाऱ्याला तुमच्याकडून थोडी साथ मिळायला हवी. ती कशी द्यायची, ते सांगतो.

सुरुवात कमरेपासून करा. आतड्यांभोवती साठणारी चरबी म्हणजे निव्वळ अडगळ, अशी पूर्वी समजूत होती. १९९३ साली लठ्ठ उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की ही चरबी टीएनएफ-अल्फा नावाचं दाहकारक रसायन स्वतःच तयार करते आणि इन्सुलिनच्या कामात खोडा घालते. चरबीच्या पेशी फुगून मरायला टेकल्या की त्यांच्याभोवती मॅक्रोफेजांची गर्दी जमते, आणि एकदा गर्दी जमली की आरडाओरडा आलाच. म्हणून वजनकाट्यावर रोज उभे राहा, काटा अर्धा किलो इकडे-तिकडे झाला की आनंद किंवा दुःख करा, पण कमरेभोवती टेप चुकूनही लावू नका. टेप खरं बोलते.

मग बसा. आणखी थोडा वेळ बसा. चालताना स्नायू आकुंचन पावतात आणि इंटरल्युकिन-६ नावाचं रसायन रक्तात सोडतात. हे नाव दाहाच्या यादीत बदनाम आहे, पण स्नायूंतून आलेल्या इंटरल्युकिनच्या पाठोपाठ दाह शमवणारी रसायनंही वाढतात. म्हणजे नुसतं भरभर चालणारा माणूस फुकटात औषध तयार करत असतो, आणि कुणालाच त्याचं बिल लावता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. हा आकडा १५० असाच लक्षात ठेवा, मोठा वाटतो. सातने भागू नका. भागलात तर दिवसाला बावीस मिनिटांच्या आतच उरतात, आणि तेवढी तर तुम्ही लिफ्टची वाट बघण्यात घालवता.

झोपेचं सोपं आहे. रात्री दोन वाजेपर्यंत अंथरुणात फोन धरून दाह कमी करण्याचे व्हिडिओ बघा. झोप सतत तुटणाऱ्यांच्या रक्तात सीआरपी (दाहाची चाहूल देणारं प्रथिन) आणि इंटरल्युकिन-६ वाढलेलं आढळतं, त्यामुळे प्रश्न आणि उत्तराचा व्हिडिओ दोन्ही एकाच अंथरुणात मिळतात.

सिगारेट ओढत असाल तर तुम्ही आधीच पुढच्या वर्गात आहात. धूम्रपान सोडल्यावरही दाहाचे आकडे खाली यायला काही वर्षं लागतात, तेव्हा तुमची आजवरची मेहनत एका रात्रीत वाया जाईल अशी भीती बाळगू नका. आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं तर ब्रश बदला, पेस्ट बदला, आरसा बदला. दंतवैद्याकडे तेवढं जाऊ नका. हिरड्यांचा जुना आजार म्हणजे तोंडातला चोवीस तास चालणारा दाह. त्यावर नीट उपचार झाले तर रक्तातला सीआरपीही उतरतो असं अभ्यासांत दिसतं. सुपरफूडच्या यादीत दंतवैद्य तुम्ही कधी पाहिलाय? मग!

आता आहार. इथे नीट लक्ष द्या, कारण नकळत चांगलं खाल्लं जाण्याचा धोका इथेच जास्त. भाज्या, डाळी, फळं आणि अख्खी धान्यं टाळा. त्यांतला तंतू तुम्हाला पचत नाही, पण मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना पचतो. ते त्याचं ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल करतात, ब्युटिरेटवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात, अस्तर घट्ट राहतं आणि जिवाणूंचे तुकडे रक्तात झिरपत नाहीत. एवढी मोठी साखळी तोडायला काही कष्ट नाहीत: पीठ पांढरं, धान्य चाळलेलं आणि फळाचा रस गाळून. साखर अन्नात घालण्यापेक्षा पेयात घ्या, म्हणजे खाल्ल्यासारखं वाटतही नाही. बाहेरून मिसळलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. गोड पेयाच्या एका बाटलीत हा कोटा सहज संपतो आणि पुढचा सगळा दिवस तुमचाच.

कारखान्यात तयार होणाऱ्या ट्रान्स फॅटबद्दल मात्र वाईट वाटतं. दाह वाढवतं, वाईट कोलेस्टेरॉल चढवतं, चांगलं उतरवतं. असा तिहेरी गुण दुसऱ्या कशात क्वचितच. पण २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने २०२३पर्यंत ते जगभरातल्या अन्नातून काढायचं आवाहन केलं आणि अनेक देशांनी कायदेही केले. सगळीकडून मात्र ते गेलेलं नाही, तेव्हा धीर सोडू नका. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची नाहीत, एवढं पथ्य पाळा.

इथवरचं बहुतेकांना न शिकवता जमतं. खरं कौशल्य पुढे लागतं. कारण एक दिवस डॉक्टर काही बोलतात, किंवा वर्गमित्राला स्टेंट बसतो, आणि तुम्ही दाहाशी लढायचं ठरवता. जरूर लढा. फक्त अशा रीतीने लढा, की दाहाला इजा होता कामा नये.

लढाईचा पहिला नियम असा, की जे विकत घेता येत नाही ते उपाय नव्हेत. बावीस मिनिटं चालण्याला खोकं नसतं, त्यावर सोनेरी पान नसतं. पावडरीला असतं. तेव्हा पावडर घ्या. डब्यावर ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ आणि ‘दाह कमी करते’ ही दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी असतील तर डोळे मिटून घ्या. दाह हे प्रतिकारशक्तीचंच काम असतं, त्यामुळे एकाच चमच्यात तिला हाकही मारायची आणि गप्पही बसवायचं असा हा चमत्कार आहे. यावर प्रश्न विचारणारा माणूस नकारात्मक समजावा.

हळदीतल्या कर्क्युमिनच्या कॅप्सुली तर हव्यातच. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत कर्क्युमिन खरोखर पराक्रमी आहे. अडचण एवढीच की आतड्यातून ते फारसं शोषलंच जात नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिरीतलं पिपरीन जोडल्यावर माणसांच्या रक्तात ते वीस पट पोचलं. तेव्हापासून ‘वीस पट’ हा शब्द बाटलीवर कायमचा छापला गेला. शून्याच्या आसपासचं काही वीस पट केलं तर किती होतं, ते छापायला जागा उरत नाही. जास्त शोषणाच्या अशा कॅप्सुली घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. अर्थात यकृत सुजलं तर तोही दाहच, म्हणजे घरातलंच माणूस.

अल्कधर्मी पाणी प्या. रक्ताचा पीएच (आम्लता-अल्कतेचं माप) ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यात फुप्फुसं आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस सांभाळत असतात, आणि तुमचं महागडं पाणी आधी जठरातल्या कडक आम्लात जाऊन पडतं. पण बाटली निळी असते आणि हातात शोभते.

यानंतर पदार्थांवर बंदी घाला. या कामात माणसाला जे समाधान मिळतं ते भाजी खाण्यात कधीच मिळत नाही. टोमॅटो, वांगी, बटाटे एका कुळातले म्हणून बाद. त्यांनी सांधे सुजतात याला धड पुरावा नाही, पण कुळ बघून बहिष्कार टाकायची आपली सवय जुनी. मग दूध बाद, गहू बाद. सीलिअॅक आजार असलेल्याला गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन सोसत नाही, त्याला गहू खरोखरच बाद करावा लागतो, तो बिचारा पाकिटं वाचून वाचून थकलेला असतो. त्याच्याशेजारी बसून तुम्ही हौसेने ग्लुटेन सोडल्याचं सांगा. शेवटी ताटात उकडलेलं काहीतरी आणि शेजारी पावडर उरेल. संशोधकांनी आहाराचा दाहनिर्देशांक काढला तेव्हा पंचेचाळीस घटक एकत्र मोजले, म्हणजे हिशेब सबंध आहाराचा असतो, एकट्या टोमॅटोचा नव्हे. पण पंचेचाळीस घटकांना शिव्या देता येत नाहीत. शिव्यांना एकच आरोपी लागतो.

तपासण्या खूप करा. सीआरपी हे प्रथिन १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. ते यकृतात बनतं आणि त्याची बारीक मोजणी करणारी चाचणी हृदयाच्या धोक्याचा अंदाज द्यायला वापरतात: लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३च्या वर जास्त. ही चाचणी सर्दी-खोकला ऐन भरात असताना करावी. आकडा १०च्या पुढे गेला तर त्याचा अर्थ सहसा चालू संसर्ग किंवा दुखापत असा असतो आणि बरं झाल्यावर पुन्हा तपासायचं असतं. तुम्ही मात्र त्याच संध्याकाळी अहवालाचा फोटो सगळ्या गटांवर टाका आणि उपाय मागवा. रात्रीपर्यंत चाळीस येतील, त्यातले पस्तीस पिण्याचे.

अंगदुखीच्या गोळ्या रोज घेऊन दाह मोडून काढण्याचा एक मार्ग आहे. जठरात व्रण आणि मूत्रपिंडांवर ताण, एवढंच मोल. मोल देऊन मिळवलेल्या वस्तूची कदर वेगळीच असते.

आणि आता सगळ्यात मोलाचं काम: दुसऱ्यांना सल्ला देणं. ओळखीत कुणाला आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस), ल्युपस किंवा आतड्यांचा क्रॉन्स आजार असेलच. ही माणसं तुमच्यासारखी हौशी नाहीत. त्यांचा दाह साखरेने आलेला नाही आणि चालण्याने जाणारही नाही. त्यांची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उलटलेली असते, आणि मेथोट्रेक्सेटसारखी औषधं तिला आवरून धरतात. नेमकं त्यांनाच गाठा. ‘किती दिवस त्या विषारी गोळ्या घेणार?’ असं आपुलकीने विचारा. रस सांगा. आमवातात औषध थांबलं की सांध्यांची हाडं कुरतडली जातात आणि कुरतडलेलं परत भरून येत नाही. तुमच्या सल्ल्याची खूण त्यांच्या बोटांवर कायम राहील. त्यांनी फोन केला तर उचलू नका. त्या वेळी तुम्ही तिसऱ्याच कुणाला तरी रस सांगत असाल.

कुणी शास्त्र काढलंच, तर तुम्हीही शास्त्र काढा. २०१७ साली कॅन्टोस नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि सीआरपी चढलेले दहा हजारांहून अधिक रुग्ण तिच्यात होते. कोलेस्टेरॉलला हातही न लावता, फक्त दाहाची एक वाट अडवणाऱ्या इंजेक्शनने पुढचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून साधारण १५ टक्क्यांनी घटले. इथपर्यंतच सांगा. त्याच इंजेक्शनने जीवघेणे संसर्ग वाढले, हे पुढचं वाक्य गिळा. दाह शून्यावर आणला की जंतूंना दार उघडं राहतं, ही माहिती पावडर विकणाऱ्यालाही सोयीची नाही आणि घेणाऱ्यालाही.

एक धोका तरीही उरतो. पावडरीचं दुकान घरापासून लांब असतं, डबा संपला की चालत जावं लागतं. डबा महाग, म्हणून सिगारेटचे पैसे तिकडे वळतात. टोमॅटोसोबत पाकिटबंद खाणंही बंद झालेलं असतं. रस सकाळी सहाला उपाशीपोटी घ्यायचा म्हणून माणूस दहाला झोपतो. आणि सहा महिन्यांनी सीआरपी ३.४ वरून १.१ वर येतो. असं झालंच, तर गडबडून जाऊ नका. डबा उचला, लेबल कॅमेऱ्यासमोर नीट धरा, आणि खाली लिहा: ‘फक्त याच्यामुळे.’